कोरणीचे मौन
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ध्वनिमुद्रिका म्हटली की रसिकांना गवई आठवतो. त्याचा आवाज मेणाच्या तबकडीवर कोरणाऱ्या यंत्राचा कर्ता मात्र अज्ञात राहतो. अशा कर्त्यांत ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज अभियंता अग्रगण्य होय.

१९२५ पूर्वी गायक कर्ण्यासमोर गात असे. केवळ आवाजाच्या बळावर पडदा कंप पावे आणि सुई चर कोरी. सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच स्वरपल्ला त्यातून उतरे. १९२५ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत पद्धती प्रचारात आली आणि हा पल्ला सुमारे १०० ते ५००० हर्ट्झ झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या व पुढे १९३० नंतरच्या मुद्रिका लागोपाठ ऐकल्यास हा भेद कानांना तत्काळ जाणवतो.

परंतु खरी अडचण पुढेच होती. प्रत्येक हलत्या भागाला स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. तो सूर लागला की कोरणी आपणच घुमू लागते आणि गायकाने न दिलेला जोर तबकडीवर उमटतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकने हे घुमणे जिरवण्यासाठी रबराचा लांब दंड योजला होता. पण रबराचा गुण उष्णतामानाप्रमाणे पालटतो. शिवाय या पद्धतीसाठी स्वामित्वशुल्क भरावे लागे. ते टाळावे म्हणून लंडनच्या कोलंबिया कंपनीने १९२९ साली पंचवीस वर्षांच्या ब्लमलाइनकडे हे काम सोपवले. त्याने प्रबळ चुंबकक्षेत्रात हलणारे वेटोळे योजले आणि घुमण्याला रबराऐवजी विद्युतचुंबकीय बलानेच आवर घातला. शुल्क वाचवण्यासाठी आरंभलेल्या कामातून अशी अधिक निर्मळ कोरणी जन्मली.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने आणखी एका शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकाच चराच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची कल्पना त्यात होती. स्टीरिओ मुद्रिका बाजारात आल्या त्या १९५७-५८ मध्ये. ब्लमलाइन त्या ऐकू शकला नाही. ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो मृत्यू पावला होता.

पोथी उतरवून घेणारा प्रामाणिक लेखनिक पदरचे अक्षर घालीत नसे. ग्रंथांच्या या घरात ती निष्ठा अपरिचित नाही. उत्तम कोरणीचा धर्मही तोच: दुसऱ्याचा स्वर जपताना स्वतः मौन राहणे.