होडीचें एंजिन आणि ओलावा

भर खाडींत होडीचें एंजिन बंद पडलें, कीं नाखवा प्रथम नवा स्पार्क-प्लग शोधूं लागतो. परंतु दोष कोठें आहे, हें जुना प्लगच सांगतो. त्याची चिनी माती बाहेरून दमट असेल, तर वीज तेथूनच निसटते. ती कोरड्या फडक्यानें पुसावी. आंतील टोकाशीं पाण्याचे थेंब दिसल्यास टांकीच्या तळचें थोडें पेट्रोल कांचेच्या पेल्यांत स्थिर ठेवावें. पाणी जड असल्यामुळें खालीं बसतें. पेट्रोल स्वच्छ निघालें, तर पाणी बहुधा फाटक्या गॅस्केटांतून शिरत असतें. तेथें नवा प्लग काय करणार?

प्लग घ्यावयाचा तो एंजिनाच्या पुस्तिकेंत सांगितलेलाच. फार थंड राहणाऱ्यावर काजळी धरते. फार तापणारा इंधन अवेळीं पेटवितो. ही पाहणी धक्क्यावरच उरकावी. ओहोटीच्या ओढींत सांपडलेल्या होडीला तेवढी सवड नसते.