आकार आणि नाद : तंजावरची वीणा व व्हायोलिन



तंजावर हे नाव मराठी मनाला परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७५-७६ च्या सुमारास कावेरीकाठच्या या सुपीक प्रदेशात भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास सांगणारा १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचता येतो. या राजांनी तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी अशा चारही भाषांना आश्रय दिला. पहिल्या तुळजाजीराजांनी तर ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथच रचला. अशा या नगरीत दोन वाद्ये समोरासमोर आली. एक इथल्याच मातीतले, वीणा. दुसरे सातासमुद्रांपलीकडून आलेले, व्हायोलिन. वाद्याच्या आकाराचा त्याच्या नादाशी काय संबंध असतो, हे समजून घेण्यासाठी या दोहोंसारखी दुसरी जोडी मिळणे कठीण.

प्रथम एक साधा प्रयोग पाहावा. शाळेच्या प्रयोगशाळेतील नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून हातात धरला, तर त्याचा ध्वनी कानाजवळ नेल्याखेरीज ऐकू येत नाही. मात्र तो बराच वेळ टिकतो. त्याच नादकाट्याचा दांडा लाकडी मेजावर टेकवला की ध्वनी साऱ्या वर्गाला ऐकू जातो, पण लवकर विरतो. असे का व्हावे? आघाताने काट्याला मिळालेली ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच असते. हातात असताना ती थोडीथोडी खर्च होते. मेजावर टेकवताच मेजाचा मोठा पृष्ठभाग हवेला हलवू लागतो आणि तीच ऊर्जा झपाट्याने खर्ची पडते. मोठा नाद आणि दीर्घ नाद या दोन्ही गोष्टी एकाच आघातातून पुरेपूर मिळत नाहीत. वाद्य घडवणाऱ्या प्रत्येक कारागिरासमोर हा हिशेब असतो आणि त्याचे उत्तर तो वाद्याच्या आकारातून देतो.

तारेचे तसेच आहे. तार बारीक असल्यामुळे ती स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिची कंपने घोडीवरून खालच्या पातळ लाकडी फळीकडे जातात. ती फळी आणि तिच्याखालच्या पोकळीतील हवा मिळून नाद श्रोत्यापर्यंत पोहोचवतात. आपल्याकडचे तुणतुणे घ्या. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे ताणून त्यातून तार वर नेलेली असते. हलके, ताणलेले चामडे तारेची ऊर्जा लगेच हवेत फेकते. म्हणून तुणतुण्याचा आवाज ठसठशीत असतो आणि क्षणात संपतो. पोवाडा गाणाऱ्या शाहिराला असाच आवाज हवा. रेंगाळणारा नाद त्याच्या शब्दांच्या आड आला असता.

तंजावरच्या वीणेची मागणी नेमकी उलट आहे. दक्षिणेच्या संगीताचा प्राण म्हणजे गमक, स्वराला दिलेला डौलदार झोल. वीणावादक तार एकदा छेडतो आणि पडद्यावर ती आडवी खेचून त्या एकाच आघातातून अनेक स्वर काढतो. आघातानंतर नाद टिकला नाही, तर गमकाला आधारच उरत नाही. म्हणून वीणेचे शरीर तसेच घडवले गेले. तिचा घडा फणसाच्या लाकडातून कोरून पोकळ केला जातो. भरीव ओंडक्यातून कोरलेला हा घडा कणखर असतो; तो तारेची ऊर्जा अधाशीपणे गिळत नाही. त्याच्यावर त्याच लाकडाची पातळ फळी बसते आणि तिच्यावर बारीक छिद्रांची दोन वर्तुळे असतात. काही वीणांचा घडा, दांडी आणि शिरोभाग वेगवेगळे करून जोडतात. परंतु सबंध वीणा एकाच ओंडक्यातून कोरण्याची पद्धत अधिक मानाची समजली जाते. दांडीच्या टोकाला याळी या काल्पनिक पशूचे मुख असते. दांडीखाली आणखी एक भोपळा असतो. त्याचा मुख्य उपयोग वीणेला मांडीवर आधार देण्याचा.

या वीणेला चोवीस पडदे कायमचे बसवण्याचे श्रेय परंपरेने सतराव्या शतकातील रघुनाथ नायक या तंजावरच्या राजाला दिले जाते. मेण आणि कोळशाची पूड यांच्या मिश्रणात पडदे घट्ट बसवतात. वाजवायच्या चार तारा, तालासाठी बाजूच्या तीन तारा आणि प्रत्येक मुख्य तारेखाली दोन सप्तके, अशी ही योजना आहे. मराठा राजांना हा वारसा नायकांकडून मिळाला आणि त्यांनी तो जपला.

वीणेच्या घोडीचे एक वैशिष्ट्य शास्त्रज्ञांनाही मोहवून गेले. घोडीच्या माथ्यावर किंचित वक्र धातूची पट्टी असते आणि तार तिला एका बिंदूत न टेकता त्या वक्रावर लोळते. तंबोऱ्याची जवारी आपल्या परिचयाची आहे. हे तिचेच भावंड. तंजावरपासून जवळच असलेल्या तिरुचिरापल्ली येथे १८८८ मध्ये जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तंबोरा यांच्या या वक्र घोडीचा अभ्यास मांडला. तार ज्या ठिकाणी छेडावी, त्या ठिकाणी स्थिर राहणारे उपस्वर तिच्यातून उमटू नयेत, असा जुना नियम होता. वीणेत मात्र ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवून दिले. घोडीच्या माथ्याची थोडीशी गोलाई नादाला एवढी समृद्धी देते.

आता व्हायोलिनकडे वळू. इटलीतील क्रेमोना या गावी सोळाव्या ते अठराव्या शतकात आमाती, स्त्रादिवारी आदी कारागिरांनी त्याला आजचे रूप दिले. वरची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची. दोन्ही कोरून फुगीर केलेल्या, आणि कडेच्या पट्ट्या उष्णतेने वाकवलेल्या. धडाची लांबी सुमारे ३५ ते ३६ सेंटिमीटर. मध्ये कंबर असते, कारण कडेच्या तारांवर गज फिरवताना तो अंगाला अडू नये. वरच्या फळीवर दोन लांबट, वळणदार छिद्रे असतात. आत एक छोटीशी लाकडी खुंटी घोडीच्या एका पायाजवळ उभी असते. फ्रेंच भाषेत तिला ‘आत्मा’ याच अर्थाचा शब्द आहे. ते सार्थच म्हणावे लागेल. खुंटी नसती, तर घोडीचा एक पाय फळी खाली दाबताना दुसरा ती वर उचलता, आणि दोन्ही हालचाली एकमेकींना मारून टाकत्या. खुंटीमुळे एक बाजू जवळजवळ स्थिर राहते, दुसरी मोकळेपणाने हलते आणि नाद बाहेर पडतो.

मग व्हायोलिनचे सारे सौंदर्य नादासाठीच आहे काय? फ्रान्समधील फेलिक्स सावार या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कंबर नसलेले, सपाट फळ्यांचे, पेटीसारखे व्हायोलिन तयार केले. जाणकारांच्या समितीने शेजारच्या खोलीत ते आणि एक उत्तम व्हायोलिन आळीपाळीने वाजवायला लावले. दोहोंत फरक करणे त्यांना कठीण गेले. डोळ्यांना भावणारी प्रत्येक रेषा कानासाठी असतेच असे नाही, हा त्यातून घ्यायचा धडा. पण काही रेषा निश्चितच कानासाठी असतात. अमेरिकेतील संशोधकांनी क्रेमोनाच्या परंपरेतील ४७० वाद्यांची छिद्रे अभ्यासून २०१५ मध्ये दाखवले की, छिद्रातून ये-जा करणारी हवा त्याच्या कडेलगत सर्वाधिक वेगाने वाहते. म्हणून गोल छिद्रापेक्षा लांबट छिद्र अधिक प्रभावी ठरते. पिढ्यान्पिढ्या ही छिद्रे हळूहळू लांबत गेली. त्या काळी कोणा कारागिराजवळ हे गणित नव्हते. हाताने होणाऱ्या लहानसहान फरकांतून ज्या वाद्याचा आवाज बरा, त्याचीच पुढे नक्कल होत गेली. कानाने केलेली ती निवड होती.

व्हायोलिनला ऊर्जा जपून वापरण्याची गरज पडत नाही, कारण गज तारेला सतत नवी ऊर्जा पुरवतो. त्यामुळे हलके, तत्पर शरीर त्याला परवडते. नाद मोठाही राहतो आणि हवा तितका वेळ टिकतोही. वीणेला जो हिशेब करावा लागला, तो व्हायोलिनला चुकला.

हे वाद्य दक्षिणेत रुजले ते सुमारे दोनशे वर्षांपूर्वी. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासजवळच्या मणली येथे एका युरोपीय वादकाकडून ते शिकून घेतले. तंजावरात तेव्हा दुसरे सरफोजीराजे (१७९८-१८३२) गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची जोपासना करणाऱ्या या विद्याव्यासंगी राजाने पाश्चात्त्य वाद्यवृंद पदरी ठेवला होता. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार विख्यात बंधू होते. त्यांतील वडिवेलूंनी व्हायोलिन आत्मसात केले. पुढे ते त्रावणकोरला गेले आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले. या कलावंतांनी वाद्याच्या धडाला हात लावला नाही. त्यांनी तारा षड्ज-पंचमात मिळवल्या, मांडी घालून बसले, वाद्याचा शेंडा उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवला आणि पाठ छातीशी धरली. वाद्याचा भार पायाने घेतल्याने डावा हात मोकळा झाला आणि तारेवरून सहज घसरू लागला. पडदे नसलेल्या त्या दांडीवर गमके उमटली.

परिणाम असा झाला की, पूर्वी गायकाच्या साथीला असणाऱ्या वीणेची जागा हळूहळू व्हायोलिनने घेतली. गायकाच्या दमासासोबत लांबणारा आणि मोठ्या सभेत पोहोचणारा स्वर वीणेच्या शरीरात नव्हता. वीणा एकटी वाजू लागली. तंजावरच्या दरबारी कलावंतांच्या वंशातील वीणा धनम्माळ (१८६७-१९३८) मद्रासमध्ये आपल्या घरी शुक्रवारी सायंकाळी वाजवत. मोजके श्रोते श्वास रोखून ऐकत असत. ज्या वाद्याचा आकारच जवळच्या श्रोत्यासाठी घडला होता, त्याला त्यांनी जवळचेच श्रोते दिले.

आज प्रश्न निराळा आहे. वीणेच्या घोडीजवळ विद्युत ग्राहक बसवला की तारेची कंपने थेट ध्वनिवर्धकात जातात. आवाज हजारोंना ऐकू येतो, पण घड्यातील हवेला बोलण्याचे कारण उरत नाही. मग घडा फणसाचा असला काय आणि कृत्रिम पदार्थाचा असला काय, असे वाटू लागते. तंजावरच्या वीणेला २०१३ मध्ये आणि आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. लाकडावर टिचकी मारून आणखी किती कोरायचे हे ठरवणाऱ्या कानाचे रक्षण त्याने होत नाही. तो कान गुरूजवळ बसून, वर्षानुवर्षे चुकत-सुधारत तयार होतो. त्या कारागिरांची मुले दुसऱ्या व्यवसायांकडे वळली तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या श्रमाला न्याय्य मोल आणि त्यांच्या वाद्याला श्रोता मिळणे आवश्यक आहे.

श्रोता तयार करणे हे शाळेचे काम आहे. विद्यार्थ्यांनी ध्वनीच्या धड्यासोबत तुणतुणे, तंबोरा, व्हायोलिन हाताळून पाहावीत. घोडी कोठे टेकते, छिद्र कोठे आहे, फळी किती पातळ आहे हे विचारावे. आणि एकदा तरी, ध्वनिवर्धकाविना वाजणारी वीणा चार हातांवरून ऐकावी. तंजावरला सहलीस जाणाऱ्यांनी शिलालेख वाचून झाल्यावर वीणा घडवणाऱ्याच्या दारी अवश्य थांबावे. लाकडाचा भुसा पायांशी पडत असतो आणि कारागीर मधूनच थांबून घड्यावर बोट वाजवतो. त्या वेळी त्याला काय ऐकू येते, हे त्यालाच विचारावे.