इंजिनातला माणूस



रेल्वेवरचे व्याख्यान बोरीबंदर ते ठाणे या १८५३ सालच्या पहिल्या गाडीपासून सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही मात्र सुरुवात करणार आहोत ती एका तांब्यापासून.

१९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाचे बंगाली गृहस्थ अहमदपूर स्टेशनावर उतरले. पोटात फणस फुगलेला आणि गाडीत शौचकूप नाही. ते आडोशाला बसले तोच गार्डाने शिट्टी दिली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर, अशा अवस्थेत ते धावले आणि फलाटावर बायाबापड्यांदेखत पडले. गाडी गेली. मग त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहिबगंजच्या कचेरीला अर्ज लिहिला. गार्डाला जबर दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांत बोभाटा करीन, असा त्यात दमही भरला. पुढे खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप आले ते या अर्जामुळे, असे सांगतात. एका अर्जाने एवढे घडले की नाही, याचा वाद विद्वानांनी घालावा. लोक हसतील म्हणून तो माणूस लिहायला लाजला नाही, हे आम्हांला मोठे वाटते.

आता डबे सोडून इंजिनाकडे चला. आज आपल्या रेल्वेने दिवसाला सुमारे दोन कोटी माणसे प्रवास करतात. त्यांचे प्राण ज्याच्या हाती, तो चालक काचेमागे बसलेला असतो. विजेच्या इंजिनात एक यंत्र असते. चालकाने सुमारे मिनिटभर काही हालचाल केली नाही, तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही उत्तर आले नाही तर आपोआप ब्रेक लागतो. तू जागा आहेस ना, हे यंत्र त्याला सतत विचारते आणि ते योग्यच आहे. पण त्याला लघुशंकेला जायचे आहे काय, हे कोणी विचारावे?

वाफेच्या काळात बारा-चौदा तासांची पाळी नित्याची होती. १९७३ साली इंजिन कामगारांनी संप केला, तेव्हा सरकारने दहा तासांची मर्यादा कबूल केली. ८ मे १९७४ पासून देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस ही त्यातली एक मुख्य मागणी. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. बोनस १९७९ साली मिळाला. तासांचे गाऱ्हाणे अजून चालूच आहे.

आणि देहधर्माचे? इंजिनात पहिले शौचालय बसले २०१६ साली. पहिल्या गाडीनंतर एकशे त्रेसष्ट वर्षांनी! त्यानंतर आणखी काही इंजिनांत ते बसले. पुष्कळांत अजून नाही. जेवणासाठी आणि देहधर्मासाठी ठराविक वेळ द्या, ही चालकांची मागणी व्यवहार्य नाही, असे २०२५ साली रेल्वे बोर्डाने ठरवले.

एक गाडी थांबली की मागची रांग थांबते, हे आम्हांलाही समजते. पण मग वेळापत्रक आखतानाच चालकाची दहा मिनिटे त्यात धरता येणार नाहीत काय? इंजिनाला पाणी भरायला गाडी थांबतच होती. तेव्हा वेळापत्रक बिघडत नव्हते.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक चालक झाल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून पुष्कळ भगिनी आल्या. ड्यूटीच्या आधी पाणीच प्यायचे नाही, अगदी वैशाखातही नाही, असा नेम त्यांच्यातल्या कित्येकींना करावा लागतो. तहान मारून गाडी हाकणारे माणूस सिग्नलकडे किती शांतपणे पाहू शकेल, याचा विचार निदान प्रवाशाने स्वतःच्या जिवासाठी तरी करावा.

सेनबाबूंनी प्रवाशांच्या वतीने अर्ज केला. चालकाचा अर्ज चालकाने केला की त्याला कुरकुर म्हणतात. तोच तुम्ही केलात तर ती जनतेची मागणी ठरेल. एक पोस्टकार्ड पुरे. लिहायला लाजू नका.