सोडणे आणि सुटलेले राहणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या चिटणीसबाईंनी मला आमंत्रण दिले तेव्हा विषयही कळवला होता : व्यसनमुक्ती. वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर नवल नाही. पण ज्या घरात हे दुखणे शिरले आहे, त्या घरातल्या बाईला धास्ती असते ती मंगल प्रसंगाचीच. लग्न असो, बारसे असो, गणपती असोत, पाहुण्यांना हसून या-बसा म्हणताना तिचे अर्धे लक्ष दाराकडे असते. आज हे शुद्धीवर घरी येतील ना? तेव्हा हा विषय आजच्या दिवसाला शोभण्यासारखाच आहे, असे मी समजते.

गेली वीस वर्षे मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचे काम करते. त्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगायचे, तर दारू सोडणे हे काही आठवड्यांचे काम आहे. सुटलेले राहणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि ते एकट्यादुकट्याने होत नाही.

सोडण्याविषयी थोडक्यात बोलते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. दोन-चार दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, एखाद्याला फिटही येते. त्यातून जिवावरही बेतू शकते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. दुसरे असे की, ‘रोग्याला नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. दारूचा तिटकारा आणणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. ते डॉक्टर देतात. पण घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने. आमटीत गुपचूप मिसळलेल्या अशा औषधावर त्याने दारू घेतली, तर रक्तदाब एकाएकी घसरून प्राण कंठाशी येतात. तेव्हा भगिनींनो, कितीही कंटाळलात तरी हा मार्ग धरू नका.

आता मुख्य गोष्ट. केंद्रातून माणूस घरी येतो. चेहऱ्यावर तजेला असतो, घरात सत्यनारायण होतो, सासूबाई दृष्ट काढतात, आणि साऱ्यांना वाटते, सुटलो एकदाचे! खरे काम इथूनच सुरू होते. शरीर धुऊन निघाले, तरी मेंदूला जडलेली सवय इतक्या लवकर जात नाही. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, कशात मन रमत नाही. हे महिनोन्‌महिने चालते. पहिले तीन महिने तर फारच नाजूक. जागतिक आरोग्य संघटनाही याची गणना आजारातच करते. मधुमेहाच्या माणसाने महिनाभर पथ्य पाळले म्हणून त्याला पेढ्यांचे ताट पुढे करतो का आपण? हे तसेच आहे. पथ्य जन्माचे, आणि अधूनमधून तपासणीही जन्माची. ती तपासणी म्हणजेच समुपदेशन.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. उपदेश त्याला आईने, बायकोने, साहेबाने पोटभर केलेला असतो. मी त्याला समोर बसवून विचारते : या आठवड्यात प्यावेसे केव्हा वाटले? त्याआधी काय घडले होते? कामावरून घरी कोणत्या रस्त्याने आलात? पगार कुणाच्या हाती दिलात? अशाने त्याच्या धोक्याच्या जागा त्याच्याच ध्यानात येतात. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याचा कसून अभ्यास केला. जुडिथ गॉर्डन यांच्यासह त्याने लिहिलेला ग्रंथ 1985 साली प्रसिद्ध झाला. माणूस पुन्हा घसरतो, त्यामागे बहुधा तीन कारणे असतात, असे त्याला आढळले : मन उदास किंवा संतप्त होणे, कुणाशी तंटा होणे, आणि सोबत्यांचा आग्रह. आपल्या चाळीतही कारणे हीच आहेत.

आम्ही आणखी एक साधा हिशेब शिकवतो. ओढ लागली की स्वतःला चार प्रश्न विचारायचे : मला भूक लागली आहे का? राग आला आहे का? एकटे वाटते आहे का? मी दमलो आहे का? पुष्कळदा उत्तर त्यातच सापडते, आणि गरम पोळी-भाजीने किंवा तासभर झोपेने वेळ निभावते. ओढ ही समुद्राच्या लाटेसारखी असते. चढते आणि ओसरते. तेवढा अर्धा तास कुणाशी तरी बोलत काढला, की माणूस किनाऱ्याला लागतो.

एक उदाहरण सांगते. एक फिटर गृहस्थ चार वर्षे नेमाने येत होते. मुलीचे लग्न ठरले, तयारीच्या धांदलीत त्यांचे येणे थांबले. लग्न थाटात झाले. मांडवात त्यांनी थेंबालाही स्पर्श केला नाही. सगळे पार पडल्यावर, पाहुणे गेल्यावर, तिसऱ्या आठवड्यात ते पिऊन घरी आले. सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला, “बाई, चार वर्षे पाण्यात गेली हो!” मी म्हटले, “एकही दिवस पाण्यात गेला नाही. चार वर्षे कशी काढायची, हे त्यांना ठाऊक आहे. आजच घेऊन या.” त्या माउलीने ना आदळआपट केली, ना टोमणा मारला. चहा दिला आणि रिक्षा बोलावली. बोलता बोलता उलगडा झाला, की दुःखाने नव्हे, तर मोकळेपणाने ते घसरले होते. लेक गेली, घर सुने झाले, संध्याकाळी करायला काही उरले नाही. आणि नेमके त्याच वेळी आमच्याकडचे येणे बंद होते. आज त्यांना नववे वर्ष चालू आहे. संध्याकाळी ते वस्तीतल्या मुलांना सायकली दुरुस्त करायला शिकवतात, आणि महिन्यातून एकदा न चुकता माझ्यासमोर येऊन बसतात.

हा सोबतीचा विचार नवा नव्हे. अमेरिकेत 1935 साली दोन मद्यपी एकमेकांना भेटले, आणि आपण एकमेकांशी बोलत राहिलो तर तगतो, असा अनुभव त्यांना आला. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिच्या सभांत वर्गणीची सक्ती नसते, आडनाव विचारत नाहीत. पुढे 1951 साली कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना निघाली. तिच्या संस्थापिकांपैकी एक लोईस, त्या दोघांपैकी एकाची पत्नी. आपल्या पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे दुसऱ्यांना हात देतात. रोग्यांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट आहे, तर व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग.

होय, स्त्रियांसाठी! व्यसन म्हणजे पुरुषांचीच मक्तेदारी, असे समजू नका. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही, अशा किती जणी इथे बसल्या आहेत? हात वर करू नका, मी विचारणार नाही! पण मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तीही सोडता येते. तिलाही सोबत लागते.

आता घरच्या बाईसाठी दोन शब्द. रोज तोंडाचा वास घेऊ नका, खिसे चाचपू नका. त्याने तो सावरत नाही आणि तुमची झोप मात्र जाते. ‘त्यांना ताप आहे’ असे त्यांच्या साहेबाला खोटे कळवू नका. भांडणात जुना हिशेब काढू नका. आणि त्याच्याइतकेच तुम्हालाही कुणाशी तरी बोलण्याची गरज आहे, हे ओळखा. वर्षानुवर्षे धास्तीत राहून तुमचेही मन थकलेले असते. मात्र घरात मारहाण होत असेल, तर आधी आपला आणि मुलांचा जीव सांभाळा. सहन करत बसणे हा त्याच्या उपचाराचा भाग नव्हे. अशा वेळी 181 हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. व्यसनाविषयी सल्ला हवा असेल, तर 14446 या सरकारी क्रमांकावर तो विनामूल्य मिळतो.

शेवटी मंडळाकडे माझी दोन मागणी आहेत. पहिली, तुमची ही खोली आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवा. या वस्तीतल्या ज्या बायकांच्या घरी हे दुखणे आहे, त्या इथे तासभर बसतील. भरतकामाच्या वर्गाला जाते, असे सांगून आल्या तरी चालेल. इथे निघालेली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही, एवढी शपथ मात्र सगळ्यांनी पाळावी. पहिले सहा महिने मी स्वतः येईन. दुसरी मागणी शेजाऱ्यांकडे. सुटलेल्या माणसाला ‘अजून सुटलेलीच आहे ना?’ असे हसत विचारू नका, आणि लग्नात ‘आज एक दिवस घे रे’ असा आग्रह कुणी धरला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. तो एक घोट पाजणारा दुसऱ्या दिवशी आपल्या घरी सुखाने झोपलेला असतो. जागत बसते ती तुमची शेजारीण.

मंडळाने आजवर शिवणाचे, साक्षरतेचे, भिशीचे काम नेटाने केले. त्यात ही एका दुपारची भर पडावी, एवढी इच्छा व्यक्त करून आणि मंडळाला दीर्घायुष्य चिंतून मी आपली रजा घेते.