नऊ एकांचा वर्ग

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला पोचण्याआधी देवळाली आणि डोंबिवली ओलांडते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) 6174 या संख्येमुळे जगाला माहीत झाले. डोंबिवली स्टेशनावर मात्र त्यांना दुसऱ्याच एका कुळाच्या संख्या सुचल्या, आणि त्या स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. त्यातली एक सतरा अंकी संख्या कागदावर लिहून घ्या: 12345678987654321. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि पुन्हा एकापर्यंत उतरायचं. ही संख्या म्हणजे 111111111 चा, नऊ वेळा लिहिलेल्या एकाचा, वर्ग.

यात चमत्कार नाही, कारण आहे, आणि माझ्या मते सगळं सौंदर्य त्या कारणातच आहे. गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा. एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच 1 पडतो, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन, मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतार. कुठेही बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणजे हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा सरकतो आणि उत्तर येतं 1234567900987654321. डौल तिथेच मोडतो. हातचा नसल्यामुळेच आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81, म्हणजे 9 चा वर्ग, येते. आता संख्येलाच 81 ने गुणा: 999999998000000001. याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग करून मिळवले की 999999999 मिळतात, आणि त्यांचाच वर्ग आपण तोडला होता. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

यावर एक आक्षेप जुना आणि वजनदार आहे. गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी 1940 साली आपल्या पुस्तकात अंकांच्या असल्या गमतींना कोड्यांच्या सदराची जागा दाखवली. त्यांत गणितज्ञाला भावेल असं काही नाही, असं त्यांचं मत. दहाच्या ऐवजी आठाच्या पायावर संख्या लिहिल्या तर हे सगळं विरून जाईल, असंही कुणी म्हणेल. पण ते विरत नाही. आठाच्या पायावर सात एकांचा वर्ग 1234567654321 असाच लिहिला जातो. संगणकाच्या सोळाच्या पायावर पंधरा एकांपर्यंत हा चढउतार टिकतो. पाया कोणताही असो, त्याहून एक कमी इतके एक चालतात. म्हणजे मूळ विधान दहाविषयी नाहीच, घरागणिक होणाऱ्या बेरजेविषयी आहे. हार्डींचा आक्षेप अंकांच्या सुट्या योगायोगांना लागू पडतो. ज्याची सिद्धता इतकी सरळ आणि इतकी व्यापक आहे, त्याला नाही.

शिवाय ही वाट खोल जाते. 111111111 चे अवयव पाडले तर 3, 3, 37 आणि 333667 मिळतात. म्हणून आपल्या संख्येला बरोबर 45 विभाजक आहेत. नऊ एकांची संख्या अशी फुटते, पण दोन एकांची, एकोणीस एकांची आणि तेवीस एकांची फुटत नाही, त्या मूळ संख्या आहेत. 317 आणि 1031 एकांच्याही तशाच. अशा मूळ संख्या कधी संपतात की अनंत आहेत, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.