सूट कुणाला?
(शहादा इथल्या बैठकीतलं भाषण)



मी मॅट्रिक, गोदीतला हमाल. बी.एड.वर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. गोदीत नव्या गड्याला पहिल्या दिवशी क्रेनखाली एकटं सोडत नाहीत, जुन्याच्या मागं उभं करतात. पेटी पडली तर माणूस मरतो. वर्गात पोर मरत नाही, नुसतं शाळेतनं गळतं. म्हणून तिथं सगळं खपतं.

२०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचे, मुख्यतः शाळेतले. पैसेवाला वर्गात पाय न ठेवता पाठाच्या वहीवर सही मिळवतो. ही सूट नव्हे, चोरी. मग धडगावात पावरी बोलणारं पोर समोर बसलं की हाच शुद्ध मराठीत सांगतो, पोर मठ्ठ आहे!

दुसरीकडं नर्मदाकाठच्या जीवनशाळा बघा. धरणाविरुद्धच्या लढ्यात, १९९०नंतर उभ्या राहिल्या. गावातलीच तरणी पोरं गुरुजी झाली. त्यांनी पोरांच्या बोलीतनं मराठीकडं वाट काढली. अशा गुरुजीला वर्षानुवर्षं शिकवल्यावर पुन्हा पाठ घ्यायला लावायचे? परीक्षकानं डोंगर चढावा, त्याचा वर्ग बघावा आणि तेच पाठ धरावेत.

आपल्यातलेही काही म्हणतात, गरिबाला सरसकट माफी द्या. मला नाही पटत. आपलीच पोरं त्या वर्गात बसतात ना? मजुरी बुडते हे खरं. मग त्या वीस आठवड्यांचं विद्यावेतन मागू. निवेदन लिहून आणलंय, सह्या करा.