पंधरा पेले आणि एक पेला

जेवणघराचे दार ढकलताना, त्यामागे ठेवलेल्या तबकाची यत्किंचितही कल्पना नसलेल्या एका मुलाकडून पंधरा पेले फुटले, आणि आई घरी नसल्याची संधी साधून कपाटातला मुरंबा काढू पाहणाऱ्या दुसऱ्याकडून एकच पेला फुटला, तर अधिक अपराधी कोण, असा प्रश्न ज्याँ पियाजे हे स्विस मानसशास्त्रज्ञ मुलांना विचारीत. सहा-सात वर्षांची मुले बहुधा पंधरा पेलेवाल्यास दोषी ठरवीत. नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र नुकसानीचा हिशेब मागे पडून हेतूचा विचार अग्रभागी येई. गोट्यांच्या खेळाचे नियमही लहानग्यांना वडीलधाऱ्यांच्या फर्मानासारखे अढळ वाटत, तर मोठी मुले परस्परसंमतीने त्यांत फेरफार करण्यास स्वतःला मुखत्यार मानीत. ही प्रगल्भता केवळ आज्ञापालनातून नव्हे, तर बरोबरीच्या सवंगड्यांशी वाद, तडजोड आणि सहकार्य करता करता उदयास येते, हा १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला त्यांचा सिद्धांत, मुलांच्या प्रत्येक तंट्यात तत्काळ निवाडा देऊ पाहणाऱ्या आम्हां पालकांनी व शिक्षकांनी अवश्य मनन करावा, इतका मोलाचा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी पुढे न्यायबुद्धीच्या निकषावर नैतिक विकासाच्या सहा अवस्था मांडल्या. परंतु न्यायाच्या या मोजमापात आपुलकी व परस्परांची काळजी यांची उपेक्षा होते, अशी रास्त हरकत मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली नोंदविली.